पुढचं फाटक

गोल्फ क्लबकडून आलेलं पत्र मी मोठ्या अक्षरात छापून अण्णांच्या हातात दिलं. पाहुण्यांसाठीच्या सूचना होत्या, एकूण अकरा. कॉलरचा शर्ट हवा आणि तो खोचलेला हवा. जीन्स चालणार नाही, चपला चालणार नाहीत. बुटांना धातूचे खिळे नकोत. फोनचा आवाज बंद. सदस्य सोबत असल्याशिवाय मैदानात पाऊल टाकायचं नाही. क्लबहाउसमध्ये डोक्यावर टोपी ठेवायची नाही. अण्णांनी भिंग धरून सगळं सावकाश वाचलं, कागदाची घडी केली आणि म्हणाले, "यात मैदानाबद्दल काहीच नाही गं."

त्या मैदानावर अण्णा छत्तीस वर्षं कॅडी होते, खेळणाऱ्यांच्या पिशव्या वाहणारे. मी त्या भिंतीबाहेरच्या वस्तीत वाढले, पण आत कधीच गेले नव्हते. लहानपणी दुपारी डबा घेऊन जायची ती मागच्या फाटकापर्यंत. तिथून एक पट्टा दिसायचा, हिरवागार, आणि त्यावरून खांद्याला पिशवी लावलेला माझा बाप दुसऱ्या कुणाच्या तरी मागून चालत यायचा. पुढे मी कॉलेजात अठ्ठावीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. माझा एक विद्यार्थी आता त्या क्लबचा सदस्य आहे. "मॅडम, एकदा या," असं तो दोन वर्षं म्हणत होता. शेवटी मी विचारलं, माझ्या वडिलांना आणू का? त्याने क्षणभरही वेळ न घेता हो म्हटलं. क्लबचं नाव मी लिहीत नाही. जे सांगायचं आहे ते एका क्लबाचं नाही.

अण्णा माण तालुक्यातले. 1972 च्या दुष्काळात गाव सोडलं तेव्हा चोवीस वर्षांचे होते. खडी फोडून झाली होती, सुकडी खाऊन झाली होती, दावणीची दोन जनावरं गेली होती. शहरात कुणा गाववाल्याने या मैदानावर आणून उभं केलं. त्या दिवशी गवत कापणारं यंत्र चालू होतं आणि कापलेलं ओलं गवत एका कोपऱ्यात ढिगाने टाकलं जात होतं. अण्णांनी दोन्ही मुठी भरून ते उचललं. "वास घेतला आणि रडलो," एवढंच ते सांगतात. तो माणूस हिरवळीशी कसा वागत असेल, हे त्या अकरा सूचना लिहिणाऱ्याला कळलं असतं तर त्याने बारावी सूचना अण्णांनाच विचारून लिहिली असती.

जाण्याच्या आदल्या रात्री त्यांनी मला समोर बसवलं आणि स्वतःच्या सूचना सांगितल्या. मी त्या वहीत उतरवून घेतल्या, कारण आयुष्यात पहिल्यांदा ते मला त्यांच्या कामातलं काही शिकवत होते.

"कुणी चेंडूसमोर उभा राहिला की जिथे आहेस तिथे थांब. श्वास पण हळू घे. आणि आपली सावली कुठे पडते ते बघ. सकाळी सावल्या लांब असतात, तुझी सावली त्याच्या चेंडूवर गेली तर तू त्याला हात लावल्यासारखंच आहे. ग्रीनवर, म्हणजे जिथे झेंडा असतो तिथे, चेंडू आणि भोक यांच्या मधल्या रेषेवर पाय द्यायचा नाही. ती रेष दिसत नाही, पण असते. वाळूच्या खड्ड्यात उतरलीस तर बाहेर पडताना दाताळ्याने आपली पावलं पुसून यायची. गवताचा लपका उडाला तर उचलून परत बसवायचा नाहीतर वाळू भरायची, आणि पायाने दाबायची. 'फोर' अशी आरोळी ऐकू आली की वर बघायचं नाही, डोकं दोन्ही हातांनी झाकून खाली वाकायचं. बघायला गेलीस तर तोंडावर लागेल." मग थोडं थांबून म्हणाले, "आणि कॅडीला नाव विचार. नुसतं 'अरे' म्हणू नकोस."

खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. अठरा भोकं असतात, प्रत्येकाची रुंदी 108 मिलिमीटर, आपल्या घरातल्या मध्यम वाटीएवढी. चारपाचशे मीटरवरून कधी कधी तिथे पोचायचं असतं. चेंडूचं वजन 46 ग्रॅमच्याही आत. पिशवीत जास्तीत जास्त चौदा काठ्या ठेवता येतात. पूर्ण डाव चालत खेळला तर सातआठ किलोमीटर पायपीट होते, आणि ती सगळी पिशवी खांद्यावर घेऊन अण्णा एकादशीच्या दिवशी नुसत्या पाण्यावर करत. या खेळाचे लिहिलेले सर्वांत जुने नियम 1744 सालचे आहेत, स्कॉटलंडमधल्या लीथ इथले, आणि ते फक्त तेरा होते. आज नियमांचं पुस्तक जाड झालं आहे, पण त्याचा गाभा दोन वाक्यांत सांगता येतो: मैदान जसं समोर येईल तसं खेळायचं, आणि चेंडू जिथे पडला असेल तिथूनच मारायचा. खड्ड्यात पडला तर खड्ड्यातून, झाडाच्या मुळात पडला तर मुळातून, नाहीतर दंड घेऊन बाहेर यायचं. हे कळलं तेव्हा मला वर्गात प्रारब्धावर घेतलेले तास आठवले. पडलेल्या जागेबद्दल तक्रार नाही, पुढचा फटका मात्र पूर्ण आपला. माझ्या विद्यार्थ्यांना मी हे फळ्यावर आकृत्या काढून समजावत होते, आणि माझे वडील रोज अठरा वेळा ते पाहून घरी येत होते.

त्या रात्री क्लबचं पत्र आणि माझी वही शेजारी शेजारी ठेवून मी बराच वेळ बसले. दोन्हीकडे नियमच होते. तरी अण्णांच्या नियमांनी मला आत घेतल्यासारखं वाटलं आणि पत्रातल्या नियमांनी दारात अडवल्यासारखं. असं का, हा प्रश्न मी पुष्कळ दिवस मनात घोळवत आहे. तो गोल्फपुरता नाही. प्रत्येक उंबऱ्याचा आहे, आणि आपल्याकडे उंबऱ्यांचा इतिहास मोठा आहे.

मला आता असं वाटतं की उंबऱ्यावरचे नियम दोन जातीचे असतात. एक मर्यादा आणि दुसरी बंदी. मर्यादा येणाऱ्या प्रत्येकाला पाळता येते, आणि ती पाळली की आतलं काहीतरी जपलं जातं. गवत जपलं जातं, दुसऱ्याची एकाग्रता जपली जाते, कुणाचं डोकं फुटत नाही. गाभाऱ्यात शिरताना आपण पायताण काढतो, आवाज खाली आणतो. ते कुणालाही जमतं. बंदीचं तसं नाही. ती तुम्ही काय करता हे विचारत नाही, तुम्ही कोण आहात हे विचारते. तिच्यापुढे कितीही नीट वागलात तरी उपयोग नसतो. आणि अडचण ही आहे की दोघी एकाच फलकावर, एकाच रंगात, एकाच आवाजात लिहिलेल्या असतात. वाचणाऱ्याला वाटतं सगळीच शिस्त आहे.

पंढरपूरला महाद्वाराशी नामदेवाची पायरी आहे आणि तिच्यासमोर चोखोबांची समाधी आहे. मंगळवेढ्याला भिंत कोसळून चोखोबा गेले, त्यांच्या अस्थी नामदेवांनी आणल्या आणि दाराशी ठेवल्या, अशी परंपरेची आठवण आहे. नामदेव पायरी झाले ते आपल्या इच्छेने, भक्तांची पावलं अंगावर घ्यावीत म्हणून. चोखोबा बाहेर राहिले ते मात्र आत जाऊ दिलं नाही म्हणून. दोघंही उंबऱ्याबाहेर, काही हातांच्या अंतरावर. पण एकाचं बाहेर असणं नम्रता आहे आणि दुसऱ्याचं बाहेर असणं अन्याय आहे. नाशिकला काळाराम मंदिरासाठी 1930 साली बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला तेव्हा लोकांनी मागितलं होतं ते एवढंच, की आत जाऊ द्या. पायताण काढायला त्यांची ना नव्हती. पंढरपूरचं दार उघडायला 1947 चा मे महिना उजाडावा लागला आणि साने गुरुजींना दहा दिवस उपाशी राहावं लागलं.

इथे मला स्वतःच्या घराबद्दल बोललं पाहिजे. आम्ही वारकरी. आजोबांच्या गळ्यात माळ, अण्णांच्या गळ्यात माळ. गावच्या विठ्ठलमंदिरात आम्हाला कुणी कधी अडवलं नाही. म्हणून चोखोबांचं दुःख माझं आहे असं मी म्हणणार नाही. ते बळकावणं होईल. उलट माझी आजी ओसरीखाली उभ्या असलेल्या माणसांच्या ओंजळीत वरून पाणी ओतायची, आणि संध्याकाळी तिच्याच तोंडून हरिपाठ चालायचा. अण्णांनी लहानपणी ते पाहिलं होतं आणि त्यात त्यांना काही वावगं वाटलं नव्हतं. मैदानावरच्या पहिल्या उन्हाळ्यात मात्र एक प्रसंग घडला. तहान लागली म्हणून ते क्लबहाउसच्या व्हरांड्यातल्या माठाकडे गेले. कुणीतरी हटकलं: कॅडींचं पाणी मागे, शेडमध्ये. "तेव्हा मला आई आठवली," अण्णा म्हणाले. "आणि खाली उभे राहणारे तात्या आठवले. त्या दिवशी कळलं, ओंजळ धरून उभं राहणं म्हणजे काय. गावाला गेलो तेव्हा त्यांच्याकडे जाऊन पाणी मागून प्यालो. त्यांनी दिलं. पण ते काही बोलले नाहीत आणि मीही बोललो नाही."

क्लब म्हणजे खासगी घर, घरात कुणाला बोलवायचं हे घरमालक ठरवेल, असं माझा विद्यार्थी म्हणाला. तो मनाने चांगला मुलगा आहे आणि त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. माझ्या घरात कुणी यावं हे मीच ठरवते. पण घर माणसं निवडतं ते जिव्हाळ्याने, आणि घराची जमीन एवढी नसते. शहराच्या मधोमध शंभराहून जास्त एकर जागा भिंतीआड आहे. तिचं गवत पन्नास हात कापतात, दोनशे हात तिच्यावर पिशव्या वाहतात, आणि ते हात आत आहेत तरी आतले नाहीत. त्याला घराची उपमा द्यायची तर आपण आपल्या घरांकडेही नीट बघावं लागेल, जिथे भांडी घासणाऱ्या बाईचा कप अजून वेगळा असतो. उपमा चुकीची नाही मग. ती आपल्यावरच उलटते.

ज्या क्लबाचं मैदान जगात सर्वांत देखणं मानतात, त्या अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलला 1975 पर्यंत एकही कृष्णवर्णीय खेळाडू मास्टर्स स्पर्धेत खेळला नव्हता. कृष्णवर्णीय सदस्य 1990 साली आला, आणि स्त्रिया 2012 साली. पिशव्या उचलणारे कॅडी मात्र तिथे आधीपासून कृष्णवर्णीयच होते. हे वाचलं तेव्हा मला परकं काहीच वाटलं नाही. दिल्लीच्या एका नामांकित गोल्फ क्लबात 2017 साली एक खासी बाई जेवायला बसल्या होत्या, पाहुण्या म्हणून, रीतसर. त्यांनी मेघालयातला जैनसेम नेसला होता. तो मोलकरणीच्या कपड्यासारखा दिसतो म्हणून त्यांना उठायला सांगितलं गेलं. कपड्याचा नियम असा असतो: तो दोन्ही बाजूंना वळवता येतो. कॉलर कुणालाही शिवून घेता येते, म्हणून तो मर्यादेसारखा दिसतो. आणि कुणाचा पेहराव सभ्य हे ठरवण्याचा हक्क एकाच बाजूकडे असतो, म्हणून तो सहज बंदी होतो.

आणि ज्या गावाला या खेळाचं माहेर म्हणतात त्या स्कॉटलंडच्या सेंट अँड्र्यूजचं जुनं मैदान खासगी नाहीच. ते गावाच्या मालकीचं आहे. रविवारी तिथे खेळ बंद असतो आणि गावकरी मुलाबाळांना, कुत्र्यांना घेऊन त्या हिरवळीवरून फिरतात. अठरा भोकांची पद्धत ज्या मातीतून आली, त्या मातीवर आठवड्यातून एक दिवस कुणीही चालू शकतं. हे मी अण्णांना सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग विचारलं, "ग्रीनवर पण चालतात?" त्यांना माणसांची नाही, गवताची काळजी वाटली होती.

आम्ही सकाळी साडेसहाला पोचलो. अण्णा सवयीने भिंतीला लागून मागच्या बाजूला वळले. मी हात धरून त्यांना पुढच्या फाटकाशी आणलं. नातवाचा कॉलरवाला शर्ट घातला होता, पांढरी विजार, बूट, आणि डोक्यावर टोपी. नोंदवहीत पाहुण्याचं नाव लिहायचा रकाना होता. छत्तीस वर्षांत त्या क्लबच्या कोणत्याही वहीत त्यांनी स्वतःच्या हाताने नाव लिहिलं नव्हतं. कॅडीमास्तरकडे नंबर असे. पेन धरून त्यांनी नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलं, आणि पुढे गावाचंही लिहिलं, ते कुणी विचारलं नव्हतं तरी.

माझा विद्यार्थी खेळला, आम्ही चाललो. मला खेळता येत नाही आणि शिकायचीही इच्छा झाली नाही, पण त्या शांततेने मला धरून ठेवलं. चौघं जण एका वेळी एकाकडे बघतात, कुणी हलत नाही, आणि फटका बसल्यावर सगळे एकदम श्वास सोडतात. हे मी फक्त चांगल्या कीर्तनात अनुभवलं आहे, बुवा थांबतात आणि टाळ थांबतात तेव्हा. आमच्यासोबतचा कॅडी बावीस वर्षांचा होता. मी नाव विचारलं. त्याने सांगितलं, आणि त्यानंतर तो मला वाटेवर सगळं आपणहून दाखवत राहिला. पाचव्या भोकाशी टिटवीने उघड्यावर चार अंडी घातली होती, खड्यांसारखी दिसणारी. माळ्यांनी भोवती चुन्याचं रिंगण मारलं होतं. अण्णा लांबूनच थांबले आणि टिटवी ओरडली तेव्हा त्यांनी हात जोडल्यासारखं काहीतरी केलं.

या खेळात पंच नसतो. म्हणजे मोठ्या स्पर्धांत असतो, पण इतर दिवशी प्रत्येकजण आपलेच फटके मोजतो आणि आपल्याच चुकीचा दंड आपल्यावर लावतो. नियमांच्या पुस्तकात हे स्पष्ट लिहिलं आहे. 1925 च्या अमेरिकन ओपनमध्ये बॉबी जोन्सचा चेंडू उंच गवतात त्याच्या काठीमुळे किंचित हलला. दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. त्याने स्वतःवर एक फटका दंड घेतला, त्यामुळे बरोबरी झाली, आणि नंतरच्या लढतीत तो हरला. लोकांनी कौतुक केलं ते त्याला आवडलं नाही, त्यात कौतुक करण्यासारखं काय, असा त्याचा सूर होता. वर्गात सत्य आणि अस्तेय शिकवताना मी हा प्रसंग सांगायची. चोरी फक्त वस्तूची नसते, आकड्याचीही असते. मुलांना तो आवडायचा.

सातव्या भोकाशी एक वड आहे. तिथे अण्णा थांबले, मुळांकडे बोट केलं आणि मला माहीत नसलेली गोष्ट सांगितली.

"रविवारचा सामना होता, पैज मोठी. माझ्या साहेबांचा चेंडू इथे, या बेचक्यात अडकला. बाकीचे तिकडे टेकाडापलीकडे. साहेबांनी बुटाच्या टोकाने चेंडू बाहेर काढला. मग वर माझ्याकडे बघितलं. मी टिटवीकडे बघत होतो. टिटवी नव्हती तिथे. मी नुसतं तिकडे बघत होतो." त्यांनी काठी जमिनीवर टेकवली. "ते जिंकले. मला त्या दिवशी दुप्पट बक्षिसी दिली. तुझी अकरावीची पुस्तकं आणली ना, ती त्यातून."

त्या पुस्तकांत तर्कशास्त्राचं पुस्तक होतं. खरं विधान आणि खोटं विधान यांच्या कोष्टकांनी भरलेलं. माझ्या सगळ्या शिक्षणाची ती पहिली पायरी.

मुंडक उपनिषदात एकाच झाडावरच्या दोन पक्ष्यांचं चित्र आहे. एक फळ खातो, दुसरा न खाता पाहत राहतो. दुसरा तो साक्षी, आत्मा, निर्लेप. अठ्ठावीस वर्षं मी हे रूपक शिकवलं आणि दुसऱ्या पक्ष्याची थोरवी गायली. वडाखाली उभी असताना मला पहिल्यांदा वाटलं की त्या पक्ष्याला भूक आहे का हे मी कधीच विचारलं नव्हतं. उपनिषदातला साक्षी मुक्त आहे, कारण त्याला कुणाच्या हातून काही घ्यायचं नाही. माझे वडील साक्षी होते, आणि त्यांची रोजची भाकरी ज्याच्याकडे बघायचं त्याच्याच हातात होती. जोन्सच्या प्रामाणिकपणाला कुणीही साक्षी लागला नाही. अण्णांच्या साहेबांच्या अप्रामाणिकपणाला एक साक्षी लागला, आणि तो गप्प राहावा एवढा गरीब लागला. खेळ सज्जनांचा म्हणतात. त्या सज्जनतेची किंमत कधी कधी पिशवी उचलणाऱ्याने भरलेली असते, हे मला त्या अकरा सूचनांत कुठे दिसलं नव्हतं आणि माझ्या पुस्तकांतही नव्हतं.

मी अण्णांना म्हटलं, तुमचा दोष नव्हता. ते म्हणाले, "होता. थोडा माझा पण होता. तू सगळा पुसू नकोस." मला वाटलं होतं मी त्यांचं ओझं हलकं करते आहे. ते मात्र स्वतःचा फटका स्वतःच्या नावावर मोजत होते, आणि त्यांच्या वहीत मला हात घालू देत नव्हते. पस्तीस वर्षांनी लावलेला दंडही दंडच असतो, असं तेव्हा त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून वाटलं. नियमांचं पुस्तक एवढा उशीर मान्य करणार नाही. धर्म करत असावा.

डाव संपला आणि आम्ही क्लबहाउसच्या पायऱ्यांशी आलो. इथे सूचना होती टोपीची. गेल्या आठ दिवसांत मला सर्वांत जास्त झोंबलेली ती हीच. आमच्याकडे बोडक्या डोक्याने देवापुढे किंवा थोरांपुढे जाणं म्हणजे अदब सोडणं. अण्णा जेवायला बसताना टोपी घालतात, हरिपाठाला घालतात, कुणाच्या दारावर गेले तर आधी ती नीट करतात. आणि ज्यांनी हा क्लब बांधला त्यांच्या रीतीत छपराखाली टोपी काढणं ही अदब. गुरुद्वारात डोकं झाकावं लागतं, चर्चमध्ये पुरुषांनी ते उघडं करावं लागतं, केरळातल्या पुष्कळ देवळांत पुरुषांना अंगातला सदराच काढावा लागतो. आदर एकच, खुणा उलट्या. पण ज्याच्या घरात जायचं त्याचीच खूण दर वेळी चालते, आणि अण्णा छत्तीस वर्षं ज्यांच्यासाठी चालले त्यांच्यापैकी कुणी आमच्या दारात येऊन टोपी घातली नव्हती. मी विद्यार्थ्याला बाजूला घेऊन म्हणणार होते की यांना सूट द्या. त्याने दिली असती. शब्द तोंडात होते.

तेवढ्यात अण्णांनी टोपी काढली, दोन घड्या केल्या आणि खिशात ठेवली. पांढऱ्या केसांत टोपीची गोल खूण उमटली होती. मी त्यांच्याकडे पाहिलं तर म्हणाले, "मी काढली. कुणी काढायला लावली नाही."

मी यावर अजून विचार करते आहे. मला अपमान वाटला आणि त्यांना वाटला नाही. माझं शिक्षण सांगतं की सवयीने वाकलेल्या माणसाला आपलं वाकणं कळत नाही. पण मी त्यांना वडाखाली पाहिलं होतं. ज्याला स्वतःचा एवढा जुना दोष दिसतो त्याला स्वतःचं वाकणं दिसत नसेल हे मला पटत नाही. त्यांनी कदाचित पाहुणा होण्याचं ठरवलं होतं. पाहुणा घराची रीत पाळतो, कारण त्याला परत जायला स्वतःचं घर असतं. छत्तीस वर्षं ते त्या जागी नोकरही नीट नव्हते, रोजंदारीचा नंबर होते. नंबराला टोपी काढायला सांगतात. पाहुणा ती काढतो. हा फरक मला बाहेरून दिसला नसता, आणि म्हणून ती सूचना न्याय्य आहे असंही मी म्हणणार नाही. ती बदलावी असं मी विद्यार्थ्याला सांगितलं आहे, लेखी, समितीपुढे ठेवण्यासाठी.

व्हरांड्यात आम्ही चहा घेतला. माठ आता नव्हता, त्या जागी पाण्याचं यंत्र होतं. अण्णांनी उठून स्वतः ग्लास भरून घेतला आणि उभ्यानेच प्याले, सगळा.

निघताना त्यांनी गाडी मागच्या फाटकाशी न्यायला सांगितली. कॅडींची शेड अजून तिथेच आहे, पत्रे नवे, बाकं जुनी. आमच्यासोबतचा मुलगा तिथे पिशवी पुसत होता. अण्णांनी त्याची बक्षिसी खिशातून काढून त्याच्या हातात दिली आणि त्याला नावाने हाक मारून सांगितलं, पाचव्या भोकाच्या अंड्यांकडे लक्ष ठेव, कावळे येतात. आत भिंतीवर विठ्ठलाची एक तसबीर आहे, काच तडकलेली. त्यांनीच कधीतरी वारीहून आणून लावलेली. अण्णा दाराशी थांबले. बूट काढले. खिशातली टोपी काढून घड्या उलगडल्या, दोन्ही हातांनी डोक्यावर नीट बसवली, आणि मग आत गेले.